मियाटाचा क्लच खाली बसतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी रबरी बूट उलटून बघा

दरवर्षी गुढीपाडव्याच्या आसपास मला दोन-तीन फोन हमखास येतात. इथे न्यू जर्सीत रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन गेलं की हिवाळाभर झाकून ठेवलेल्या मियाटा (माझ्दाच्या छोट्या, दोन सीटच्या गाड्या) बाहेर निघतात, आणि पहिल्याच सकाळी कुणाचा तरी रिव्हर्स पडत नाही. "अहो, क्लच गेला वाटतं. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो: स्लेव्ह सिलिंडरचा (पेडलकडून आलेल्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट, म्हणजे टोकावरचं रबरी आवरण, उलटून बघितलात का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघतं.

माझ्याकडे १९९६ची माझ्दा एमएक्स-५ मियाटा आहे. गेल्या चौदा वर्षांत माझ्या आणि मित्रांच्या मिळून पाच गाड्यांवर हे काम मी नऊ वेळा केलंय. खाली लिहिलेलं १९९० ते २००५ या पहिल्या दोन पिढ्यांना लागू आहे. दुसरी कुठली हायड्रॉलिक क्लचची गाडी असेल तर तत्त्व तेच, पण एक गोष्ट आधी बघून घ्या. काही गाड्यांत हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगभोवतीच बसवलेला असतो. तसं असेल तर घरच्या घरी हे काम होणार नाही.

लक्षणं नीट ओळखा

सुरुवात फार हळू होते, म्हणून लक्षात येत नाही. आधी फक्त सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकताना 'खर्र' होतं. मग सिग्नलला थांबल्यावर पहिला गिअर अडतो, पेडल दोन-तीनदा मारलं की पडतो. ही 'पेडल मारलं की जमतं' खूण फार महत्त्वाची, लक्षात ठेवा. पुढे पेडल मऊ लागायला लागतं आणि क्लच अगदी जमिनीजवळ पकडतो. पेडल पूर्ण दाबलेलं असतानाही गाडी हळूच पुढे ओढते. आणि एक दिवस पेडल खाली जातं ते वर येतच नाही. माझं गेलं तेव्हा मी टोल नाक्याच्या रांगेत होतो.

आता जी लक्षणं या दुखण्याची नाहीत तीही सांगतो, कारण पैसे वाया जातात ते इथे. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. क्लच दाबल्यावर घरघर आणि सोडल्यावर शांत, तर रिलीज बेअरिंग. थंडीत फक्त दुसरा गिअर अडतो आणि गाडी गरम झाली की सुटतो, तर क्लच ठीक आहे. या गाड्यांचा दुसरा गिअर थंडीत कुरकुरतोच, तिथे गिअर ऑइल बदलून बघा.

एक साधी चाचणी करा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना रिव्हर्स खरखरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. इंजिन बंद असतानाही गिअर जड लागत असतील तर दुखणं गिअरच्या दांड्यात किंवा गिअरबॉक्समध्ये आहे. दांड्याच्या बुडाशी एक वेगळी वाटी असते, तिच्यात जेमतेम ८०-९० मिलि गिअर ऑइल असतं. वर्षानुवर्षं कुणी ते बघत नाही. आधी ते तपासा.

फुकटातल्या तपासण्या

पहिलं, पायाखालची मॅट. हसू नका. एका मित्राकडे मी जॅक, स्टँड सगळं घेऊन गेलो, तर जाड रबरी मॅट पेडलच्या मागे दुमडून बसली होती. पेडल पूर्ण खाली जातच नव्हतं. मॅट काढली, गाडी बरी झाली.

दुसरं, बोनेट उघडा. ड्रायव्हरच्या समोर फायरवॉलवर ब्रेकच्या मोठ्या डबीशेजारी क्लचच्या ऑइलची छोटी स्वतंत्र डबी असते. झाकणाभोवतीची धूळ आधी फडक्याने पुसा, मगच उघडा. आत गेलेला एक मातीचा कणही सीलला ओरखडा पाडू शकतो. आता पातळी आणि रंग बघा.

ब्रेकच्या डबीतली पातळी पॅड झिजतील तशी थोडी थोडी उतरते, त्यात काही वावगं नाही. क्लचचं उलट आहे. प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन आणखी आत ढकलला जातो, त्यामुळे पातळी चढली तर किंचित वरच चढेल. म्हणून क्लचच्या डबीतली पातळी खाली गेली असेल तर कुठेतरी गळती आहे, दुसरं कारण नाही. 'थोडं ऑइल टाकलं, आता चालतंय' यावर समाधान मानू नका. त्याने फार तर आठवडा-पंधरवडा निघतो. रंग काळपट असेल तर आतलं रबर झिजून त्यात मिसळतंय.

ऑइल कुठलं? आपण बोलताना 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण हे तेल नव्हे. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलंच घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते चालत नाही. आणि इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकूनही टाकू नका. त्याने सगळी रबरी सीलं फुगतात आणि मास्टरपासून (पेडलच्या दांड्याने दाबला जाणारा, दाब तयार करणारा सिलिंडर) स्लेव्हपर्यंत सगळंच बदलावं लागतं. एक सूचना आणखी: हे ऑइल रंग खातं. बॉडीवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसून भागत नाही.

तिसरं, डॅशखाली डोकं घाला. पेडलचा दांडा जिथे फायरवॉलमध्ये शिरतो तिथे पांढरा कागदी रुमाल फिरवा. ओला झाला तर मास्टर सिलिंडर गळतोय. बाहेरच्या बाजूने मास्टरच्या खालचा रंगही बघा, पोपडे आले असतील तर गळती जुनी आहे. दांडा पेडलला जोडणारी पिन सैल झालीय का तेही हाताने हलवून बघा.

इथे एका 'उपाया'बद्दल कळकळीने सांगतो. पेडल खाली पकडतं म्हणून दांड्याचा नट फिरवून पेडलचा सगळा मोकळा खेळ काढून टाकायचा, असं बरेच जण सुचवतात. करू नका. पाय उचलल्यावर मास्टरच्या आतलं एक बारीक भोक उघडं पडायला हवं, तिथून ऑइल डबीत परत जातं. खेळ अजिबात राहिला नाही तर ते भोक झाकलेलंच राहतं, दाब अडकतो, आणि क्लच सतत थोडा दाबलेला राहून घसरायला लागतो. शंभर रुपयांच्या दुखण्यावर हजारांचं दुखणं ओढवून घेण्यासारखं आहे हे.

गाडीखाली: बूट उलटणे

आता जॅक लागेल. सपाट फरशी, मागच्या चाकांना उटी, आणि पुढून गाडी दोन्ही बाजूंनी स्टँडवर, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. स्टँड नसतील तर आजचं काम इथेच थांबवा आणि आधी स्टँड आणा.

स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या घंटेच्या आकाराच्या पुढच्या भागावर उजव्या बाजूला दोन बोल्टांनी बसवलेला असतो. अंगठ्यापेक्षा थोडा जाड. त्याच्या टोकाला काळा रबरी बूट आणि त्यातून बाहेर येणारा छोटा दांडा, जो क्लचचा फोर्क (क्लच सोडवणारी दांडी) ढकलतो. बुटाची कड नखाने किंवा बोथट स्क्रू ड्रायव्हरने उचला.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा चमचाभर काळं पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं. पातळ, पण बोटांना तेलकट. सिलिंडर बाहेरून अगदी कोरडा होता, फरशीवर एक डाग नव्हता. म्हणून तर मी दोन महिने 'गळती नाही' म्हणत बसलो होतो. बूट भरेपर्यंत ऑइल बाहेर येत नाही, हे तेव्हा कळलं. त्याच आठवड्यात एका गॅरेजने गाडीखाली न वाकताच मला संपूर्ण क्लचचे बाराशे डॉलर सांगितले होते. नवा स्लेव्ह मला चाळीस डॉलरच्या आत मिळाला.

बुटाच्या आत निव्वळ कोरडी धूळ हवी. ऑइल सांडलं तर निदान पक्कं, पण नुसता ओलावा असला तरी सील गेलेलंच समजा. काही आठवड्यांचाच प्रश्न आहे.

बूट कोरडा असेल तर घरातल्या कुणाला तरी इंजिन बंद ठेवून पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही दांडा बघा. तो साधारण सेंटिमीटरभर किंवा थोडा जास्त सरकायला हवा. पेडल पूर्ण खाली गेलं आणि दांडा जेमतेम हलला, तर एक तर नळीत हवा आहे किंवा मास्टर आतल्या आत दाब सोडतोय. दुसरी शक्यता तपासायची तर मोकळ्या जागेत, गाडी जमिनीवर असताना, इंजिन चालू करून, हँडब्रेक आणि ब्रेक लावून, क्लच दाबून पहिला गिअर टाका आणि क्लच अर्धा मिनिट तसाच दाबून धरा. सुरुवातीला ठीक आणि मग गाडी ओढायला लागली, तर मास्टरचं सील दाब धरत नाही. रबरी नळीही चाचपून घ्या. गाडी स्टँडवर असताना, पेडल दाबल्यावर नळी हाताला फुगलेली जाणवली तर तीही बदला.

सिलिंडर बोल्टांवर बसलेला नसेल तेव्हा मात्र कुणालाही पेडल दाबू देऊ नका. पिस्टन सरळ बाहेर उडतो आणि सगळं ऑइल तुमच्या तोंडावर येतं. या सगळ्या कामात डोळ्यांवर चष्मा ठेवा.

स्लेव्ह बदलणे, आणि किटबद्दल माझा अनुभव

बाजारात नुसत्या सीलचं किट मिळतं, अगदी स्वस्त. पहिल्या वेळी मी तेच टाकलं. आठ महिन्यांत पुन्हा गळती. दुसऱ्यांदा उघडल्यावर सिलिंडर उन्हात धरून आत बघितलं, तर भिंतीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते आणि नव्या सीलच्या कडेला बरोबर तिथेच चिरा पडल्या होत्या. तेव्हापासून नियम ठेवलाय: आतल्या भिंतीवर नख फिरवायचं, कुठेही अडकलं तर किट नाही, नवा सिलिंडर.

हे खड्डे पडतात कशाने? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ब्रेकचं ऑइल लोक कधीतरी बदलतात, पण क्लचचं कुणाला आठवत नाही. स्लेव्ह सगळ्यात खाली असतो आणि तिथलं ऑइल फिरून वर येत नाही, त्यामुळे तेच पाणी मुरलेलं ऑइल वर्षानुवर्षं तिथे पडून राहतं आणि धातू खातं. त्यात हिवाळ्यात गाडी चार महिने उभी. सील एकाच जागी टेकून राहतं, पुढच्या रिकाम्या भिंतीवर गंज चढतो, आणि पाडव्याला तुम्ही पहिल्यांदा पेडल दाबता तेव्हा सील त्या गंजावरून घासत जातं. माझ्या नऊ कामांपैकी सहा मार्च-एप्रिलमधली आहेत.

काम असं. बोल्ट काढण्याआधी, सिलिंडर घट्ट बसलेला असतानाच नळीचा नट थोडा सैल करून घ्या. त्यासाठी उघड्या तोंडाचा साधा पाना नको, फ्लेअर नटचा पाना घ्या. नट मऊ असतो आणि मिठाने गंजलेला असतो, साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात आणि मग दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मग १२ मिमीच्या पान्याने दोन बोल्ट. खाली पसरट भांडं ठेवा. नवा सिलिंडर बसवताना दांड्याच्या टोकाला चिमूटभर ग्रीस लावा आणि बोल्ट आधी हातानेच फिरवा. खालचं घर अॅल्युमिनियमचं आहे, आटे वाकडे गेले तर ते निस्तरणं सिलिंडर बदलण्यापेक्षा अवघड. घट्ट करतानाही सगळी ताकद लावू नका.

स्लेव्ह गेला की मास्टर फार दिवस मागे राहत नाही. दोघांचं रबर एका वयाचं, ऑइल तेच. शिवाय नव्या स्लेव्हमुळे दाब पूर्ववत झाला की दुबळ्या मास्टरवर तो येतो. गाडीत मूळचाच मास्टर असेल तर मी दोन्ही एकदम बदलतो. मास्टरचं काम कठीण नाही, पण त्याचा एक नट डॅशखाली असतो, उलटं पडून काढावा लागतो. पाठीचं दुखणं असलेल्यांनी हे दुसऱ्याकडून करून घ्यावं.

हवा काढणे

निम्मे लोक इथे हरतात आणि नवा सिलिंडर खराब म्हणून परत करायला जातात.

स्लेव्हवरच्या निपलला (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेल्याने पेडल हळू दाबून धरायचं आणि 'धरलं' असं म्हणायचं. तुम्ही निपल उघडायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, बंद करायचा आणि मगच 'सोड' म्हणायचं. पेडल आपोआप वर येणार नाही, हाताने ओढून वर आणायचं. निपल बंद व्हायच्या आधी पेडल सुटलं तर काढलेली हवा परत आत जाते. दर चार-पाच वेळांनी डबी भरा, ती फार लहान आहे. एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

एवढं करूनही पेडल मऊच राहिलं तर घाबरू नका. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत नळी फायरवॉलवरून डावीकडून उजवीकडे जाते आणि वाटेत उंच वळणावर बुडबुडा अडकतो. निपल बंद ठेवून, डबीचं झाकण उघडून, स्लेव्हचा दांडा हाताने हळूहळू पूर्ण आत ढकला, मग सावकाश बाहेर येऊ द्या. पाच-सहा वेळा. बुडबुडे उलट्या वाटेने वर डबीत निघतात. ही युक्ती कळल्यापासून माझी कितीतरी वेळ घालवणारी कटकट संपली. मास्टर नवा असेल तर तो गाडीत बसवण्याआधी टेबलावरच ऑइल भरून त्याची हवा काढून घ्या.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

दांडा पूर्ण सरकतोय, हवा नाही, दोन्ही सिलिंडर नवे, तरी रिव्हर्स खरखरतोय. मग दुखणं आत आहे: वाकलेला किंवा तडकलेला फोर्क, प्रेशर प्लेट, किंवा अडकलेलं पायलट बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. प्लेट घसरत असेल किंवा बेअरिंग घरघरत असेल तरी तेच. मियाटात गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब फ्रेम असते. ती सोडवून परत बरोबर कोनात बसवावी लागते. लिफ्ट असलेल्या आणि ही गाडी आधी उघडलेल्या गॅरेजलाच हे काम द्या. मी स्वतःही तिथेच देतो.

नट फिरवताना धातूची नळीही सोबत पिळली जातेय असं दिसलं, तर त्याच क्षणी पाना खाली ठेवा. ती तुटणार. शिवाय त्याच मिठात तितकीच वर्षं घालवलेल्या तुमच्या ब्रेकच्या नळ्याही आहेत, त्या जाणकाराला दाखवा. क्लचसोबत ब्रेकच्या डबीतलीही पातळी झपाट्याने उतरत असेल तर गाडी चालवूच नका, टोइंग बोलवा.

काम झाल्यावर सुरुवातीची रिव्हर्सची चाचणी पुन्हा करा. दर दोन वर्षांनी ब्रेकसोबत क्लचचंही ऑइल बदला, आणि हिवाळ्यात गाडी झाकलेली असताना पंधरा दिवसांतून एकदा आत बसून पेडल दहा-पंधरा वेळा पूर्ण दाबा. मी हे करायला लागल्यापासून माझा स्लेव्ह सहा वर्षं टिकलाय. नवा बसवलात की दोन आठवड्यांनी गाडी परत स्टँडवर घेऊन बूट एकदा उलटून बघा. आत कोरडी धूळ दिसली तर काम झालं.